घर मिळवून देणारी 'मंडळी'

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतील बेघरांविषयी प्रसिद्ध झालेला लेख मी दोनदा वाचला. पदपथांवरील तंबूंचे त्यातील वर्णन अतिशयोक्त नाही. गेली सत्तावीस वर्षे कोलोरॅडो राज्यात राहत असल्याने डेन्व्हर शहरातील असेच तंबू मीही पाहत आलो आहे. मात्र लेखाच्या अखेरीस लेखकाने जाता जाता जी दोन विधाने केली आहेत, त्यांविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. येथील चर्च बेघरांना सूप व ब्लँकेट देऊन मोकळी होतात, हे पहिले विधान. आणि जे काही केले जाते ते धर्मप्रसारासाठीच असते, हे दुसरे. दोन्हींत तथ्यांश आहे. तरीही २०११-१२ च्या सुमारास मी स्वतः एका चर्चच्या गटात सामील होऊन एका कुटुंबाला आणि पुढे एका वृद्ध गृहस्थांना कायमचे घर मिळेपर्यंत आणि त्यानंतरही काही महिने सोबत केली आहे, त्यामुळे या विषयाची एक बाजू आपल्या वाचकांपर्यंत पोहोचलीच नाही असे मला वाटले.

प्रथम एका शब्दाविषयी. एका प्रार्थनास्थळाशी बांधलेल्या माणसांच्या समुदायासाठी मराठी ख्रिस्ती बांधव 'मंडळी' हा शब्द वापरतात. आपण सारे 'काय मंडळी, कसं काय?' म्हणताना तोच शब्द उच्चारतो, आणि जुन्या वळणाच्या बोलण्यात तर घरच्या माणसालाच 'आमची मंडळी' म्हणतात. मी पाहिलेल्या कामाला याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही, म्हणून पुढे तोच वापरतो. चर्च, सिनेगॉग, मशीद, मंदिर यांपैकी कोणत्याही स्थळाची मंडळी त्यात आली असे समजावे.

डेन्व्हरने २००५ मध्ये 'डेन्व्हर्स रोड होम' या नावाने बेघरपणा संपवण्याची दहा वर्षांची योजना सुरू केली. तत्कालीन महापौर जॉन हिकेनलूपर यांनी त्या वेळी शहर आणि आसपासच्या मंडळींना आवाहन केले की, प्रत्येक मंडळीने एक बेघर कुटुंब किंवा एक बेघर वृद्ध हाती घ्यावा. १८९२ पासून शहरात काम करणाऱ्या 'डेन्व्हर रेस्क्यू मिशन'ने कुटुंबे आणि मंडळी यांची गाठ घालून देण्याचे काम अंगावर घेतले. मंडळीने पाचसहा जणांचा गट तयार करायचा, त्या सर्वांची पोलिसांकडील नोंद तपासून घ्यायची, घरात शिरण्यापुरती पैशांची जुळवाजुळव व्हायची आणि पुढे काही महिने गटाने त्या कुटुंबाशी नियमित संपर्क ठेवायचा, अशी साधारण रीत होती. मी हिंदू, पण आमच्या वसाहतीलगतच्या मेथडिस्ट चर्चच्या गटात हिशेब पाहणारे कोणी नव्हते आणि शेजारच्या बाईंना माझा पेशा ठाऊक होता. त्यांनी विचारले, मी हो म्हटले. फार विचार करून केलेले काम नव्हे हे.

आमच्याकडे आलेले पहिले कुटुंब म्हणजे एक आई आणि नऊ व पाच वर्षांची दोन मुले. बाई एका वृद्धाश्रमात शुश्रूषा मदतनीस म्हणून पूर्णवेळ काम करीत. लेखातील तंबूंशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्या कोल्फॅक्स अव्हेन्यूवरील एका मोटेलच्या खोलीत आठवड्याच्या भाड्याने राहत होत्या. कोल्फॅक्स हा डेन्व्हर आणि अरोरा या दोन शहरांमधून आरपार जाणारा लांबलचक रस्ता, आणि त्याच्या पूर्वेकडील जुन्या मोटेलांमध्ये अशी कुटुंबे महिनोन्महिने राहतात हे तेथील प्रत्येक शाळेला ठाऊक असते. पहिल्या बैठकीत मी सवयीने कागद काढला आणि आकडे मांडले. मोटेलचे भाडे आठवड्याला २३० डॉलर, म्हणजे महिन्याला जवळपास १,००० डॉलर. त्याच भागात दोन खोल्यांचे अपार्टमेंट तेव्हा ८२५ डॉलरला मिळत होते. बाई दरमहा घरापेक्षा पावणेदोनशे डॉलर अधिक मोजून बेघर राहत होत्या.

हे कसे घडते, ते मला तोवर ठाऊक नव्हते. अपार्टमेंट घ्यायचे तर पहिल्या महिन्याचे भाडे आणि ६०० डॉलर डिपॉझिट एकदम हवे. मोटेलला आठवड्याचे पैसे दिले की चालते. प्रत्येक ठिकाणी अर्जासोबत तीसचाळीस डॉलर शुल्क भरावे लागते आणि अर्ज नाकारला तरी ते परत मिळत नाही. बाईंनी तीन ठिकाणी अर्ज केले आणि तिन्ही ठिकाणी नकार घेतला, कारण आधीच्या घरमालकाने घर खाली करण्याचा दावा न्यायालयात दाखल केलेला संगणकावर दिसत होता. त्याशिवाय बहुतेक ठिकाणी भाड्याच्या तिप्पट उत्पन्न हवे असा दंडक होता. तासाला अकरा डॉलर मिळवणारी व्यक्ती आठवड्याला चाळीस तास राबली तरी महिन्याला जेमतेम १,९०० डॉलरच्या आसपास मिळवते आणि ८२५ ची तिप्पट २,४७५ होते. शिवाय जुन्या घराचे ३१२ डॉलरचे वीजबिल थकलेले, म्हणून नव्या घरात त्यांच्या नावावर वीजजोडणी मिळेना. यातली कोणतीही एक अडचण एखाद्या मध्यमवर्गीय माणसाने एका दुपारी दोन फोन करून सोडवली असती. चारही एकत्र आल्या की मोटेलची खोली सुटत नाही.

आणखी एक गोष्ट येथे नोंदवतो. स्वतःच्या पैशाने मोटेलात राहणारे कुटुंब केंद्रीय गृहनिर्माण खात्याच्या वार्षिक शिरगणतीत बेघर म्हणून मोजले जात नाही. शिक्षण खात्याच्या व्याख्येत मात्र त्या घरची मुले बेघर ठरतात आणि १९८७ च्या मॅकिनी-व्हेंटो कायद्यामुळे त्यांना आपल्या मूळ शाळेतच राहण्याचा व तेथवर ने-आण मिळण्याचा हक्क असतो. म्हणजे एकाच सरकारच्या एका खात्याला ती दोन मुले दिसत होती आणि दुसऱ्याला दिसत नव्हती.

घर अखेर मिळाले ते एका प्लंबरमुळे. आमच्या गटात सत्तरीचे एक निवृत्त प्लंबर होते. ते बैठकीत फारसे बोलत नसत आणि माझ्या तक्त्यांकडे पाहतही नसत. तिसऱ्या बैठकीनंतर ते उठले आणि म्हणाले की, अमुक संकुलाच्या व्यवस्थापकाकडे आपण जाऊन येऊ. तेथील नळ त्यांनी वीस वर्षे दुरुस्त केले होते. आम्ही तिघे गेलो. व्यवस्थापकाने न्यायालयातील दाव्याची नोंद पाहिली, तोंड वाकडे केले, प्लंबरकडे पाहिले आणि 'तुम्ही सांगता म्हणून' या अर्थाचे काहीतरी पुटपुटत अर्जाचा कागद पुढे सरकवला. पहिले भाडे आणि डिपॉझिट यांत काही पैसा मिशनच्या कार्यक्रमाचा होता, काही चर्चच्या वर्गणीचा. जुने वीजबिल कंपनीशी बोलून हप्त्यांत बसवून घेतले. चार महिने जे अडले होते ते नऊ दिवसांत झाले.

आपल्या भाषेत याला वशिला म्हणतात. वशिल्याने नोकरी लावणाऱ्यांविषयी आपण सारेच तावातावाने बोलतो, आणि ते योग्यही आहे. पण या देशात मला स्वतःला पहिले घर कसे मिळाले, ते मी त्या दिवशी गाडीत आठवत होतो. १९९८ च्या हिवाळ्यात मी येथे आलो तेव्हा माझ्या नावावर क्रेडिट म्हणून काही नव्हते आणि कोणताही घरमालक मला दारात उभे करीत नव्हता. सांगलीकडच्याच एका गृहस्थांनी माझ्या भाडेकरारावर हमीदार म्हणून सही केली. त्यांची माझी ओळख तीन आठवड्यांची होती, आणि तीही कोणाच्या तरी मावसभावामार्फत झालेली. गादी त्यांच्याकडची, प्रेशर कुकर दुसऱ्या घरचा, हिवाळी कोट तिसऱ्याचा. परदेशी स्थायिक झालेल्या बहुतेक मराठी कुटुंबांच्या कपाटात असा एखादा कुकर निघेल. त्या बाई आणि मी यांत कष्टाचा फरक असता तर तो त्यांच्याच बाजूने पडला असता, कारण मी आठ तास खुर्चीत बसून काम करीत होतो आणि त्या आठ तास लोकांना उचलून बसवत होत्या. त्यांच्या ओळखीची माणसे आधीच संपली होती: आई वारलेली, बहीण दूरच्या राज्यात आणि स्वतःच अडचणीत, नवरा सोडून गेलेला.

आता आमच्या चुकांविषयी. आमच्यासारख्या गटातल्यांना येथे 'मेंटॉर' म्हणतात. या इंग्रजी शब्दाचे भाषांतर आपल्याकडे सर्रास 'मार्गदर्शक' असे केले जाते, आणि त्या शब्दातच घोटाळा आहे, कारण आपल्याला वाट ठाऊक आहे आणि समोरच्याला नाही, असे मार्गदर्शक पहिल्या दिवसापासून धरून चालतो. आमच्या गटातील एका सद्गृहस्थांनी दुसऱ्याच बैठकीत बाईंना रोज विकत घेतलेल्या कॉफीच्या खर्चावरून उपदेश केला आणि वर्षाचा गुणाकारही करून दाखवला. माझाच तक्ता त्यांच्या हातात होता. बाई शांतपणे ऐकून गेल्या आणि पुढचे दोन आठवडे त्यांनी आमचा फोन उचलला नाही. रात्रपाळी संपवून मुलांना शाळेत सोडेपर्यंत जागे राहण्यासाठी ती कॉफी असते, हे आम्हाला नंतर शेजारच्या बाईंकडून कळले, आणि त्या गृहस्थांनी मोटेलवर जाऊन माफी मागितली. त्यानंतर हिशेबाचा कागद बाईंच्या हाती राहील आणि विचारल्याशिवाय कोणी तोंड उघडणार नाही, असे ठरले.

सामान हलवण्याच्या दिवशी चर्चमधून दोन सोफे, तीन दिवे आणि कपबश्यांचे चार सेट जमले होते. देणाऱ्यांनी मन लावून दिले होते. काय कमी आहे असे विचारल्यावर बाई म्हणाल्या, डबा उघडायचे यंत्र. आठवड्याला अन्नछत्रातून मिळणाऱ्या पिशवीत बहुतेक सारे डबाबंद असते: घेवडा, मका, टोमॅटो, ट्यूना. मोटेलात त्या सुरीच्या टोकाने डबे फोडत आणि त्यात एकदा तळहात कापला होता. तो व्रण त्यांनी दाखवला. एवढ्या सामानात दोन डॉलरची ती वस्तू कोणाला सुचली नव्हती. प्लंबर तसेच दुकानात गेले आणि दोन घेऊन आले, 'एक हरवतंच' म्हणत.

वृद्धांचे काम याहून वेगळे असते आणि माझ्या मते अधिक अवघड. पुढच्या वर्षी आमच्याकडे आलेले गृहस्थ एकाहत्तर वर्षांचे होते. आयुष्यभर त्यांनी लहानसहान हॉटेलांत आचाऱ्याचे काम केले होते, पगार रोखीने घेतला होता, आणि म्हणून म्हातारपणी नियमित पेन्शनऐवजी त्यांच्या वाट्याला गरीब वृद्धांसाठीचा केंद्रीय भत्ता आला होता. २०१२ मध्ये एकट्या व्यक्तीला तो महिन्याला अधिकात अधिक ६९८ डॉलर मिळे. ज्या घरात ते एक खोली घेऊन राहत ते विकले गेले आणि ते आठ महिने बेघरांसाठीच्या निवाऱ्यात होते. अनुदानित वृद्धनिवासात भाडे उत्पन्नाच्या साधारण तीस टक्के असते, म्हणजे त्यांना दोनशे-सव्वादोनशे डॉलरमध्ये खोली मिळू शकत होती. त्यांनी पूर्वी एका ठिकाणी नावही नोंदवले होते. परंतु प्रतीक्षायादीतील लोकांना 'अजून इच्छुक आहात का' असे विचारणारे पत्र पाठवतात. ते पत्र विकल्या गेलेल्या घराच्या पत्त्यावर गेले, परत आले आणि त्यांचे नाव कमी झाले. बेघर माणसाला घराच्या यादीत राहण्यासाठी पत्ता लागतो. नव्याने नाव नोंदवताना चर्चचा पत्ता दिला, आणि कार्यालयातील बाई रोजची टपाल चाळून त्यांचे पत्र बाजूला काढत. माझ्या मते त्या वर्षी आमच्या मंडळीने केलेली सर्वांत मोठी मदत हीच.

त्यांच्या कागदपत्रांची कथा तर आपल्याकडील कोणत्याही सरकारी कचेरीला शोभेल अशी. पाकीट निवाऱ्यात चोरीला गेले होते. ओळखपत्र काढायला जन्मदाखला हवा. जन्मदाखला मागवायला ओळखपत्राची प्रत हवी. जन्म ओक्लाहोमा राज्यातील एका खेड्यातला, आणि दाखल्यावर नावाचे एक अक्षर वेगळे. या सर्वाला अकरा आठवडे लागले. प्रत्येक खेपेला त्यांच्याबरोबर कोणीतरी गेले. त्या सोबत्याने केले काय म्हणाल तर रांगेत उभे राहून गप्पा मारल्या आणि खिडकीवरच्या माणसाने 'पुढच्या आठवड्यात या' म्हटल्यावर 'नेमके कोणत्या दिवशी आणि कोणाकडे' असे विचारले. एकट्या गेलेल्या म्हाताऱ्याला हा प्रश्न विचारण्याचे बळ उरत नाही, हे आपल्या आईवडिलांना बँकेत किंवा तहसीलदार कचेरीत नेलेल्या कोणाही वाचकाला वेगळे सांगायला नको.

खोली मिळाली. किल्ली घेतल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात आमच्या लक्षात आले की, हे गृहस्थ रोज साडेअकराला बस पकडून शहरात जातात आणि निवाऱ्याच्या जेवणाच्या रांगेत उभे राहतात. गटात नाराजी पसरली. स्वतःची शेगडी आहे, शीतकपाट भरलेले आहे, आणि हा मनुष्य आयुष्यभराचा आचारी. मग रांग कशासाठी? एकाने तर आपले श्रम वाया गेल्याचे बोलून दाखवले. शेजारच्या बाईंनी वाद न घालता एक दिवस त्यांच्याबरोबर बस पकडली आणि परत येऊन सांगितले की, ते जेवायला जात नाहीत. तेथे त्यांना नावाने हाक मारणारी चार माणसे आहेत आणि नव्या इमारतीत एकही नाही. त्यानंतर दर मंगळवारी इमारतीच्या सामाईक खोलीत पत्ते सुरू झाले. मी तेथे रमी शिकवली आणि बरेचदा हरलो. बस बंद झाली नाही, पण आठवड्यातून दोन दिवसांवर आली.

धर्मप्रसाराच्या आरोपाविषयी आता थोडक्यात. येथील कायदा याबाबत पुरेसा स्पष्ट आहे: १९९६ च्या कल्याणविषयक कायद्याने धार्मिक संस्थांना सरकारी निधीतून सेवा देण्याची वाट रुंद केली आणि २००१ मध्ये जॉर्ज बुश यांनी त्यासाठी व्हाइट हाउसमध्ये स्वतंत्र कार्यालय उघडले, पण थेट सरकारी पैसा प्रार्थना वा धर्मोपदेशासाठी वापरता येत नाही आणि लाभार्थीला त्याच्या श्रद्धेवरून वगळता येत नाही. कायदा आहे म्हणून तो सर्वत्र पाळला जातो असे मी म्हणणार नाही. जेवणाआधी प्रवचन ऐकवणारी ठिकाणे मी पाहिली आहेत आणि मला ती आवडत नाहीत. आमच्या गटात पास्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते की, कुटुंबाने स्वतः विचारल्याशिवाय रविवारच्या उपासनेचे आमंत्रणही द्यायचे नाही. बाई कधी चर्चमध्ये आल्या नाहीत. मुलगी मात्र ख्रिसमसच्या नाटकात मेंढी झाली, आणि तेही शाळेतल्या मैत्रिणीच्या हट्टाने. मला कोणी बाप्तिस्म्याविषयी विचारले नाही. एकदा फक्त माझ्या डब्यातील थालीपिठाची कृती विचारली गेली.

या कामाला मर्यादा आहेत आणि त्या मंडळींच्या भाबड्या समर्थकांना ऐकवणे मला आवश्यक वाटते. पहिली मर्यादा निवडीची. ज्या घरात थोडेफार उत्पन्न आहे आणि व्यसन किंवा गंभीर मानसिक आजार नाही, अशीच कुटुंबे बहुधा अशा गटांकडे येतात. तंबूत वर्षानुवर्षे काढलेला माणूस आमच्यासारख्या पाच हौशी लोकांच्या आवाक्यातला नसतो. त्याच्यासाठी १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम सेम्बेरिस यांनी सुरू केलेली 'आधी घर' ही पद्धत, म्हणजे कोणतीही अट न घालता प्रथम घर आणि मग उपचार, हीच योग्य आणि ती व्यावसायिक लोकांनीच चालवावी लागते. दुसरी मर्यादा त्याहून मोठी आहे. मंडळी घर शोधून देऊ शकते, पण शोधण्यासाठी घर असावे लागते. केंद्रीय भाडे-साहाय्य मिळण्यास पात्र असलेल्या चार कुटुंबांपैकी जेमतेम एकाला ते मिळते, आणि डेन्व्हरमध्ये त्यासाठी चक्क सोडत काढतात. आमच्या आचारी गृहस्थांना मिळणारा भत्ता २०२५ मध्ये ९६७ डॉलरपर्यंत वाढला होता. मोटेल सोडून बाई ज्या घरात गेल्या, तसे घर आता त्या साऱ्या रकमेतही मिळणार नाही.

दहा वर्षांची ती योजना संपली, बेघरपणा संपला नाही. २०१२ मध्ये याच शहराने उघड्यावर पथारी टाकण्यास बंदी केली, आणि निवाऱ्यात जागा नसली तरीही अशी बंदी घटनाबाह्य नाही असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये ओरेगन राज्यातील ग्रँट्स पास या शहराच्या प्रकरणात दिला. जानेवारी २०२४ च्या शिरगणतीत देशभरात ७,७१,४८० बेघर मोजले गेले, आदल्या वर्षापेक्षा १८ टक्के अधिक. मुले असलेल्या कुटुंबांतील बेघरांची संख्या तर एका वर्षात ३९ टक्क्यांनी वाढली, आणि दर पाचांत एक बेघर पंचावन्नच्या पुढचा होता. आपल्या लेखात हा सारा आकडा 'रस्त्यावर झोपणाऱ्यांचा' म्हणून दिला आहे, तो तसा नाही. त्यात निवाऱ्यांत राहणारेही धरलेले आहेत. आणि आमच्या बाईंसारखे मोटेलवाले, किंवा नातेवाइकांच्या दिवाणखान्यात पथारी टाकणारे, त्यात मुळीच धरलेले नाहीत.

घरांच्या तुटवड्याच्या या मर्यादेवर मंडळींच्याच हाती असलेला एक उपाय अलीकडे पुढे आला आहे. चर्चांकडे जमीन असते आणि वाहनतळ आठवड्यातील सहा दिवस रिकामा असतो. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये केलेला व १ जानेवारी २०२४ पासून लागू झालेला कायदा अशा धार्मिक संस्थांच्या जमिनीवर परवडणारी घरे बांधण्याचा मार्ग मोकळा करतो, म्हणजे शेजाऱ्यांच्या हरकतींत व परवानग्यांत वर्षे घालवावी लागत नाहीत. आपल्या लेखकाला लॉस एंजेलिसविषयी लिहायचे होतेच, तर याचा उल्लेख यायला हवा होता.

आपले वृत्तपत्र न्यूजर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया येथील मराठी घरांतही संगणकावर वाचले जाते, म्हणून शेवटचा मुद्दा त्या वाचकांसाठी. न्यूजर्सीतील समिट या गावच्या कॅरन ओल्सन यांनी मॅनहॅटनमध्ये रस्त्यावर बसलेल्या एका वृद्ध स्त्रीला सँडविच घेऊन दिले आणि तिच्याशी बोलत बसल्या. पुढे त्या आणि त्यांचे मुलगे तेथील बेघरांना सँडविच नेऊन देऊ लागले. त्यातून १९८६ मध्ये त्यांनी आपल्या भागातील मंडळींचे एक जाळे उभे केले, जे आज 'फॅमिली प्रॉमिस' या नावाने देशभर ओळखले जाते. तीन ते पाच कुटुंबांना एक मंडळी आठवडाभर आपल्या वर्गखोल्यांत उतरवून घेई, पुढच्या आठवड्यात दुसरी. दिवसा घर आणि नोकरी शोधण्यास मदत मिळे. अलीकडे अनेक ठिकाणी फिरत्या मुक्कामाची ती पद्धत बदलून एका जागी निवारा आणि मुळात घर जाऊच नये यासाठी मदत असे स्वरूप आले आहे.

आमच्या मराठी मंडळात आम्ही अजून सँडविचवर आहोत. वर्षातून दोनदा एकसारखे टी-शर्ट घालून आम्ही दोनशे सँडविच बांधतो, निवाऱ्याच्या दाराशी छायाचित्र काढतो आणि दुपारी दोनपर्यंत घरी असतो. अन्नदानाला मी कमी लेखत नाही. भुकेल्याला त्या दिवशी ते पोचते. पण गणेशोत्सवात सातशे माणसांची पंगत वेळेवर उठवणाऱ्या मंडळाला याहून अधिक जमते, हे मी पंचवीस वर्षे पाहतो आहे. आमच्यात हिशेबनीस आहेत, मोठी गाडी असणारे आहेत, घरे विकणारे दोघे आहेत, निवृत्त परिचारिका आहेत, आणि मुलांकडे राहायला आलेले, दुपारभर मोकळे असणारे, गप्पांना भुकेलेले आईवडील आहेत. नवी संस्था काढू नये, एवढीच माझी विनंती. संस्था काढली की घटना, कार्यकारिणी आणि भांडण हे तिन्ही ओघाने येते. जवळच्या एखाद्या अनुभवी संस्थेला फोन करून पाच जणांची नावे द्यावीत आणि एकच वृद्ध व्यक्ती, सहा महिन्यांसाठी, मागून घ्यावी.

तसा प्रस्ताव मी आमच्या मंडळासमोर लेखी ठेवला आहे. गेल्या बैठकीत तो विषयपत्रिकेवर अखेरचा होता. दिवाळी कार्यक्रमाच्या तिकिटदरावर चर्चा लांबली, सभागृहाची वेळ संपली आणि खुर्च्या आवरायला सुरुवात झाली. पुढील बैठक महिनाअखेरीस आहे. तिकिटदर दुसऱ्या क्रमांकावर घ्यावेत, असे मी चिटणिसांना कळवले आहे.

आपला नम्र,
एक वाचक
अरोरा, कोलोरॅडो (मूळ गाव : सांगली)